आई कधी येणार?

समजा, वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आजी सायंकाळी विचारतात, "माझी आई कधी येणार गं?" परिचारिकेने काय सांगावे? "आई केव्हाच वारली," हे सत्य. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या मनाला ते दरवेळी नवे, म्हणून दुःखही दरवेळी ताजे. "उद्या येईल," हे सांत्वन. पण ते असत्य. संत ऑगस्टीन यांनी तर परहितार्थ बोललेले असत्यही पापच मानले.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे टॉम किटवुड यांनी १९९७ साली या व्याधीवर ग्रंथ लिहिला. रुग्णाचे माणूसपण हिरावणाऱ्या वागणुकींत त्यांनी फसवणूक मोजली. तशीच घाई आणि भावनांची उपेक्षाही मोजली. म्हणजे केवळ खरे बोलून आपण सुटत नाही.

मग शेजारी बसावे, हात हाती घ्यावा आणि म्हणावे, "आईची आठवण येते ना, आजी? कशी होती ती?" येथे असत्य नाही, निष्ठुरताही नाही. आजींचा खरा प्रश्न, 'येथे माझे कोणी आहे का?' हाच असावा.

या उत्तराला शब्द थोडे, वेळ मात्र फार लागतो. एकाच परिचारिकेवर अनेकांचा भार टाकणारी व्यवस्था तिला असत्याकडे ढकलते. तेव्हा दोष एकट्या तिचा म्हणता येईल काय?