गळ आणि विवेक

स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवर सॅमन मासे धरण्याचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. शरद ऋतूत समुद्रातून परतलेला सॅमन नदीच्या खडीत अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध झेपावत असतो. गोड्या पाण्यात शिरल्यापासून त्याने अन्न वर्ज्य केलेले असते. अशा उपाशी जिवाच्या वाटेत प्रथमच गळ टाकायला निघणाऱ्याने कोणती तयारी करावी?

पेत्र जाळे टाकीत असे, ते पोटासाठी. हा हौशी माणूस मात्र मासा धरून पुन्हा पाण्यात सोडणार. निव्वळ करमणुकीसाठी मुक्या जिवाला छळावे काय? प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. २०२३ साली तर ब्रिटनमधील सॅमनची गणना संकटग्रस्त जातींत झाली.

मासा सोडला म्हणजे दोष फिटला, असे मला वाटत नाही. तरीही नदीकाठी ज्याचा जीव रमतो, तोच पुष्कळदा तिच्या रक्षणासाठी उभा राहतो, हेही नाकारता येत नाही. म्हणून जाणाऱ्याने उलटा काटा नसलेला गळ घ्यावा, माशाला ओल्या हातांनी आणि पाण्यातच मोकळे करावे.

त्या देशात रविवारी सॅमनसाठी गळ टाकण्यास कायद्यानेच मनाई आहे. नदीलाही शब्बाथ लाभतो! उरलेल्या सहा दिवसांत, खडीत घर करणारी मादी दिसताच गळ गुंडाळून काठावर स्वस्थ बसण्याची मनाची तयारी आहे काय? ती नसेल, तर बाकीची सारी तयारी अपुरीच म्हणावी लागेल.