दुसऱ्याचा फोटो

दिवाळीत कुणाच्या घरी फराळाला गेलो, की चकलीचा तुकडा दाताखाली येण्याच्या आतच ‘छान झालीय हं!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. घरची बाई ते खरे धरीत नाही आणि तिने ते खरे धरावे अशी आपलीही अपेक्षा नसते. पण आमच्या आळीत एक आजी होत्या. त्या चकली हातात घेऊन मोडीत, मोडलेली कड उजेडात धरून पाहत आणि म्हणत, ‘मोहन अंमळ जास्त पडलं गं. तेलात सुटल्या असतील.’ नव्या सुनेचे तोंड क्षणभर उतरे. पण पुढच्या वर्षी भाजणी भिजवण्याआधी ती त्याच आजींना बोलावून आणी. ‘छान’ म्हणणाऱ्या आम्हा दहाजणांपैकी कुणालाही तिने कधी बोलावले नाही.

त्या आजींची आठवण मला हल्ली फोटोंवरून होते. तरुणपणी माझ्याजवळ आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा होता. एका रिळात बारा फोटो निघत, म्हणून प्रत्येक वेळी कळ दाबताना हात अडखळे. तेवढ्या भांडवलावर निर्मळमध्ये मी फोटोतला जाणकार ठरलो, तो आजतागायत. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तळ्यावर उतरलेले पक्षी, समाधिमंदिराच्या पायऱ्या, होली क्रॉस चर्चमधले लग्न, पावसात न्हालेली केळीची बाग, असे काही ना काही घेऊन मुले ओट्यावर येतात आणि विचारतात, ‘काका, कसा आलाय?’

कितीतरी वर्षे माझे उत्तर ठरलेले होते. एकदा शेजारची एक मुलगी मोबाइल मिटीत म्हणाली, ‘तुम्हाला दाखवून काय उपयोग? तुम्ही सगळ्यांनाच छान म्हणता.’ मी हसलो, पण ते वाक्य मनाला लागले. ज्याला मी माझा चांगुलपणा समजत होतो, तो निव्वळ आळस होता. ‘छान’ म्हटले की फोटो पाहावा लागत नाही. तोंडदेखली स्तुती करणारा समोरच्याचे मन राखतो असे आपण म्हणतो. खरे तर तो स्वतःचा वेळ राखत असतो.

मग मी कडक झालो. क्षितिज तिरपे आहे, डोक्यामागून विजेचा खांब उगवला आहे, पाठीमागून ऊन आल्याने चेहरा काळवंडला आहे, असे दोष मी पटापट दाखवू लागलो. दोष खरेच असत आणि मुले शिकतही होती. आपण आता प्रामाणिक झालो, असे मला वाटू लागले.

अशात एका वर्षी निर्मळची यात्रा झाली. कार्तिक वद्य एकादशीला ही यात्रा सुरू होते. आळीतल्या एका मुलाने यात्रेतला फोटो आणला. उजवीकडे सुकेळ्यांचे दुकान, दिव्याच्या उजेडात चमकणारी सुक्या पानांची पुडकी, आणि एका लहान मुलाच्या हाती पुडके देणारा बाईचा सुरकुतलेला हात. डावीकडे मात्र फोटोचा जवळजवळ अर्धा भाग मोकळी जमीन होती. मी लगेच म्हणालो, ‘ही रिकामी जागा कशाला? काप ती.’ तो क्षणभर थांबला. मग माझ्यासमोरच त्याने ती कापली. फोटो एकदम उठून दिसू लागला. पुढे गावातल्या एका प्रदर्शनात तो लागला आणि लोकांनी त्याचे कौतुक केले.

काही महिन्यांनी बोलता बोलता त्याच्या आईकडून कळले, की त्या मोकळ्या जमिनीवर दरवर्षी त्याच्या वडिलांचे दुकान लागत असे. ते वारले त्या वर्षी शेजारच्या दुकानदारांनी ती जागा आपण होऊन मोकळी ठेवली होती. मुलाने फोटो काढला होता तो त्या जागेचा. सुकेळी आणि तो हात हे आपले बाजूला आलेले होते.

माझे काय चुकले? कापलेला फोटो अधिक चांगला होता, हे मी आजही म्हणेन. चित्राने स्वतःच बोलले पाहिजे. काढणारा प्रत्येकाच्या शेजारी उभा राहून ‘इथे माझे वडील बसत’ असे सांगू शकत नाही. हा युक्तिवाद खरा आहे, पण अर्धा. मी त्याला नुसते विचारले असते, की ‘तू इथे काय पाहिलेस?’, तर मी त्याला खरी उपयोगाची सूचना दिली असती: ‘अरे, चार पावले मागे जा. दोन्ही बाजूंची दुकाने येऊ दे. दुकानांच्या रांगेत मध्येच पडलेली खिंड दिसली, म्हणजे कुणीतरी नाही हे पाहणाऱ्याला कळेल.’ त्याचा हेतू विचारल्याने माझी टीका मऊ झाली नसती, उलट अधिक धारदार झाली असती. न पाहता ‘छान’ म्हणणे आणि न विचारता ‘काप’ म्हणणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत.

एकमेकांचे फोटो पाहून त्यांवर बोलण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींत होते. १९३७ साली मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. अशा मंडळांतून नियम तयार होतात आणि नवशिक्याला त्यांचा आधार वाटतो. पण नियम माणसाला ओळखत नाहीत. घेतलेला फोटो कापू नये, असे आग्रहाने सांगणारे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ सालचा फोटो जगप्रसिद्ध आहे, आणि तो कापलेला आहे! कुंपणाच्या फटीतून घेताना एक फळी आड आली होती. फळी कापायची की ठेवायची, हे ती तिथे का आली यावर ठरते.

आता कुणी फोटो आणला, की मी आधी थोडा वेळ गप्प बसतो. मग मला काय दिसते ते सांगतो: ‘माझी नजर आधी या हातावर गेली, मग इथे अडली.’ नंतर त्याला काय दाखवायचे होते ते विचारतो. दोन्ही उत्तरे जुळली तर स्तुती आपोआप होते. जुळली नाहीत तर दोष मी न सांगताच त्याला दिसतो. फोटो त्याचा, तेव्हा कापायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे. यात वेळ फार जातो. पण दुसऱ्याच्या कामाला देण्यासारखे आपल्याजवळ वेळेखेरीज असते तरी काय?

त्या मुलाला मी चार पावले मागे जायला सांगू शकलो नाही. पुढच्या यात्रेत त्या जागेवर दुसरे दुकान लागले. मूळचा, न कापलेला फोटो त्याने जपून ठेवला आहे का, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही. यंदा फराळाला तो येईल, तेव्हा विचारीन म्हणतो.