वाहून आणलेलं पाणी

वाळवंटातल्या शहरात गेलं की माणूस आपसूक पाणी जपायला शिकतो, असं गावाकडं सगळ्यांना वाटतं. मी आटपाडीकडचा, टँकरची वाट बघत वाढलेला. दुबईत आलो तर नळाला चोवीस तास पाणी!

उन्हाळ्याचं तेवढं तंत्र शिकावं लागलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एवढं तापतं की गार पाण्याचा नळ हाताला चटका देतो. मग गिझर बंद ठेवायचा आणि त्यात निवलेलं पाणी अंगावर घ्यायचं. उन्हाची अशी सवय झाली. सुबत्तेची मात्र होईना.

आमच्याकडं तांदूळ धुतलेलं पाणी जनावराला, आंघोळीचं केळीला. आई म्हणायची, "सांडू नगं रं, कुणीतरी डोक्यावर वाहून आणलंय." इथं पोराला नळ बंद कर म्हणालो, तर तो म्हणतो, "बाबा, आपण बिल भरतो ना?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जो दुष्काळ त्यानं बघितलाच नाही, त्याचा धाक त्याला कशाला घालायचा? आणि आम्ही तरी जपत होतो तो गुण म्हणून, की नाइलाज म्हणून?

इथं वर्षाला पाऊस पडतो सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. नळाला येतं ते बहुतेक समुद्राचं पाणी, जेबेल अलीच्या प्रकल्पात मीठ काढून गोडं केलेलं. त्याला इंधन जळतं आणि उरलेलं जास्तीचं खारं पाणी परत समुद्रात जातं. बिलात त्या समुद्राचा हिशेब नसतो. पाइप टाकायला चर खणणाऱ्यांचाही नसतो. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी आहे. त्याआधीचं आणि नंतरचं ऊन त्यांच्याच पाठीवर.

म्हणजे पाणी इथंही कुणीतरी वाहूनच आणतंय. फक्त आणणारा दिसत नाही. पैसे दिले म्हणून त्याची मेहनत सांडायचा हक्क मिळतो, हे माझ्या मनाला पटत नाही.

पोराला मी दुष्काळाची भीती घालत नाही. कुठून येतं, कोण आणतं, एवढं सांगतो. आमच्यातला नाइलाज टँकरबरोबर गावीच राहिला. इथं भरल्या नळाखाली जे जपू, तेवढंच आपलं.