काहीच न घडणाऱ्या कथा आणि आपला शेजारी

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत अलीकडे एक नवी तक्रार ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर जपानी चित्रकथा वाचत असते. त्या कथांना 'मांगा' म्हणतात. त्यांतल्या काहींत लढाया असतात, राक्षस असतात; पण आज ज्यांविषयी लिहावयाचे आहे त्या कथांत यातले काहीच नसते. वर्गातल्या दोघांनी एका छत्रीतून घरी जाणे, आईने भरून दिलेला डबा, परीक्षेच्या आदल्या दिवसाची घालमेल, मनातली गोष्ट ओठांवर येऊन परत जाणे, एवढ्यावर प्रकरणांमागून प्रकरणे सरतात. आई म्हणते, यात आहे तरी काय? वडील म्हणतात, यातून मिळते काय? आणि एखादी भाविक आजी धर्मगुरूंना हळूच विचारते, फादर, हे वाचणे पाप तर नाही ना?

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो थोडा विस्ताराने मांडला तर असा होतो: कल्पनेतल्या माणसांच्या सुखदुःखात रमल्याने माणूस प्रेम करावयास शिकतो, की प्रेमाचे कष्ट न उपसताच त्याला प्रेमाचे समाधान मिळून जाते?

प्रथम या कथांची थोडी ओळख करून घेऊ. माचिको हासेगावा या लेखिका-चित्रकर्तीची 'साझाए-सान' ही वृत्तपत्रमालिका १९४६ साली, म्हणजे महायुद्धाने बेचिराख झालेल्या जपानात सुरू झाली आणि १९७४ पर्यंत चालली. एका गृहिणीचे घर, तिची माणसे, बाजार, स्वयंपाक, एवढाच तिचा विषय. कियोहिको आझुमा यांची २००३ मध्ये सुरू झालेली 'योत्सुबातो' ही मालिका एका पाच वर्षांच्या मुलीची आहे. पाळण्यावर झोके घेणे, रातकिड्यांसारखे ओरडणारे किडे पकडणे हेच तिचे पराक्रम. कारुहो शिइना यांच्या 'किमी नि तोदोके' या तीस खंडांच्या प्रेमकथेतली सावाको अबोल आहे. तिच्या लांब केसांमुळे आणि गंभीर चेहऱ्यामुळे वर्ग तिला भुतासारखी टाळतो. इतरांनी नाकारलेली कामे ती मुकाट्याने करते. मनातले शब्द समोरच्यापर्यंत पोहोचविणे तिला किती अवघड जाते, याचीच ती कथा आहे.

अशा वाचनावरचा सर्वांत कठोर आक्षेप फार जुना आहे आणि तो एका संताने घेतलेला आहे. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सांगतात की, बालपणी प्रेमभंगाने मेलेल्या डायडो राणीसाठी ते रडले, पण देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या जीवासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. पुढे नाटकांविषयी त्यांनी याहून मर्मभेदी निरीक्षण नोंदविले आहे. रंगभूमीवरचे दुःख प्रेक्षकाला मदतीस बोलावत नाही, केवळ हळहळावयास बोलावते, आणि ही हळहळ त्याला गोड लागते. मोबाईलवरच्या कथेतील एकाकी मुलीसाठी डोळे पुसणारा आपला मुलगा त्याच दिवशी वर्गातल्या एकाकी मुलीला हसला असेल, तर ऑगस्टीनचा बाण नेमका लागला असे म्हणावे लागेल.

दुसरी साक्ष अविलाच्या संत तेरेजाची. तिच्या आईला शूरवीरांच्या प्रेमकथा वाचण्याची आवड होती. संसाराच्या यातनांतून घटकाभर विसावा मिळावा म्हणून ती वाचत असे. वडिलांना ते पसंत नव्हते, म्हणून मायलेकी लपवून वाचत. तेरेजा तासन्‌तास वाचू लागली, आणि या छंदाने आपली भक्ती थंडावली असे तिने पुढे लिहिले. या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. थकलेल्या आईला विसावा हवा होता, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. दुसरी गोष्ट, ते वाचन चोरून करावे लागले. घरात ज्याविषयी बोलता येत नाही, त्याचा बरेवाईटपणा कोण पारखणार?

पारखण्याची रीत मात्र आपल्याच परंपरेने दिलेली आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडून लोयोलाच्या वाड्यात पडून असलेल्या इग्नेशियसने वाचावयास प्रेमशौर्याच्या कादंबऱ्याच मागितल्या होत्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. एका थोर स्त्रीची स्वप्ने रंगविताना त्याला तासन्‌तास आनंद होई, पण स्वप्न सरले की मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार सरल्यावर मात्र मन प्रसन्न राही. दोन्ही विचार गोड होते. फरक पडला तो मागे उरणाऱ्या चवीत. त्या फरकाकडे लक्ष देण्यातून येशूसंघाच्या संस्थापकाची विवेकदृष्टी घडली.

हीच कसोटी आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या मातीतही सापडते. तेरच्या गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पाहिले, आणि साक्षात नामदेव कच्चे ठरले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. मडके वरून कसे दिसते याने कुंभाराचे समाधान होत नाही; थाप बसल्यावर आतून कोणता आवाज येतो ते तो ऐकतो. वाचनाचेही तसेच आहे. पुस्तक कोणत्या देशाचे, चित्रांचे की अक्षरांचे, हे वरचे रंग झाले. वाचून उठलेल्या माणसावर घरातल्या कामाची, आजाऱ्याच्या सेवेची, नावडत्या नातेवाइकाची थाप बसते, तेव्हा आतून काय उमटते, हे पाहावे.

या कसोटीला उतरणारी एक मालिका येथे सांगितलीच पाहिजे. योशितोकी ओइमा यांची 'कोए नो काताची', म्हणजे 'आवाजाचा आकार', २०१३-१४ मध्ये साप्ताहिकातून आली आणि तिचे सात खंड झाले. प्राथमिक शाळेतला शोया हा मुलगा बहिऱ्या शोकोचा छळ करतो, तिची श्रवणयंत्रे फेकून देतो. नुकसानीची भरपाई त्याच्या आईला करावी लागते. वर्ग मग सगळा दोष त्याच्यावर टाकून त्यालाच वाळीत टाकतो. काही वर्षांनी तो काम करून, जवळच्या वस्तू विकून आईचे पैसे फेडतो, खुणांची भाषा शिकतो आणि शोकोला शोधत जातो. स्वतःचा जीव द्यावा असे त्याच्या मनात असते. पण तिच्या हातांशी बोलता बोलता जगण्याची वाट सापडते. ती वाटही सोपी नाही. क्षमा एका पानात मिळत नाही, आणि मिळाल्यावरही जखम राहतेच.

आपल्या प्रायश्चित्त संस्काराची अंगे ज्याने लहानपणी पाठ केली, त्याला ही कथा परकी वाटणार नाही. पश्चात्ताप, कबुली, भरपाई, नवा निश्चय, सारे येथे आहे. लेखिकेने हे ख्रिस्ती भूमिकेतून लिहिले असा आमचा दावा नाही. मानवी अंतःकरणाची घडणच अशी आहे की, पाप आणि समेट यांविषयी कुणीही प्रामाणिकपणे लिहू लागला तर तो या पायऱ्यांपाशी येऊन पोहोचतो. शोयाला इतरांचे चेहरे फुलीने झाकलेले दिसतात. फुली गळून पडते तेव्हा माणूस दिसतो. ऑगस्टीनच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर कोणते? कथेने रडविले एवढे पुरेसे नाही. तिने शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरची फुली काढावी.

आता, काहीच न घडणाऱ्या दिवसांविषयी. देवपुत्र या पृथ्वीवर आला आणि त्याच्या आयुष्यातली सुमारे तीस वर्षे नाझरेथच्या घरात, सुताराच्या कामात गेली. शुभवर्तमान त्याविषयी जवळजवळ मौन पाळते, पण ती वर्षे वाया गेली असे ख्रिस्तसभेने कधी मानले नाही. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून हाच धडा दिला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पतिपत्नींची ताटातूट झाली, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. एवढा मोठा प्रवास त्यांनी भांडीकुंडी, रुसवेफुगवे, फसलेले बेत यांतूनच सांगितला. ती कथा संसाराची आहे आणि प्रेमाचीही आहे.

रोजच्या दिवसाचे मोल या भागाला वेगळे शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे कोसळली. किल्लारी, सास्तूर ही नावे जगाला त्या दिवशी कळली. वाचलेल्यांनी त्यानंतर ज्याची आठवण काढली ते चुलीवरचा चहा, अंगणातली झोप, शेजारणीची हाक हेच होते. जपानही भूकंपाचा देश आहे. मार्च २०११ च्या आपत्तीनंतर सेंडाई शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात चित्रकथांच्या साप्ताहिकाचा एकच ताजा अंक आला, तेव्हा दुकानदाराने तो विकला नाही, येईल त्या मुलाला वाचावयास ठेवला. तो अंक साहसकथांचा होता. मुलांना मात्र त्यात आपला नेहमीचा आठवडा परत मिळाला असावा.

तरीही प्रेमकथांविषयी एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पुष्कळ कथा प्रेमाच्या कबुलीपाशी थांबतात, आणि आपला विवाहसंस्कार नेमका त्याच्या पुढे सुरू होतो. कर्ज, आजारपण, सासरची माणसे, नापिकीचे वर्ष यांतून टिकणारे प्रेम त्या पानांत क्वचितच भेटते. कथेतल्या मुलाच्या हळुवारपणाशी प्रत्यक्ष जोडीदाराची रोज तुलना करणारे मन दुःखी होणारच.

परंतु नाण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत जोडप्याला मिळून एक 'कोयता' मोजतात आणि त्या हिशेबाने उचल मिळते. मुलीला मागे ठेवण्यास सुरक्षित जागा नाही, आणि कोयता पुरा करावयाचा आहे, म्हणून कोवळ्या वयात लग्ने लावली जातात. तिच्या मनात काय आहे हे तिला कुणी विचारत नाही. सुशिक्षित घरांतही हा प्रश्न पुष्कळदा राहूनच जातो. ख्रिस्तसभेचा कायदा मात्र स्पष्ट आहे: १९८३ च्या संहितेच्या १०५७ व्या कलमानुसार वधूवरांच्या संमतीनेच विवाह घडतो आणि त्या संमतीची जागा कोणतीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही. एका मुलीचे मन समजून घेण्यासाठी तीस खंड खर्चणारी कथा आपल्या मुलामुलींना एवढे जरी शिकवीत असेल की दुसऱ्याचे मन विचारल्यावाचून कळत नाही, तर तिला उथळ म्हणण्यापूर्वी आपण थांबावे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून टाकू. सर्वच मांगा मुलांसाठी नसतात. प्रौढांसाठीच्या कथाही त्याच रूपात येतात. म्हणून वयोगट पाहणे हे आईवडिलांचे काम. दुसरे, परवानगीवाचून चढविलेल्या प्रती फुकट वाचणे ही चित्रकाराच्या श्रमाची चोरी आहे आणि सातवी आज्ञा मोबाईललाही लागू आहे. २०१९ पासून शुएइशा या जपानी प्रकाशन संस्थेनेच अनेक मालिकांची नवी प्रकरणे इंग्रजीतून अधिकृतपणे विनामूल्य दिली आहेत. म्हणजे प्रामाणिक वाट उपलब्ध आहे.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संत गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातल्या त्या संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरूने साहित्याचे काय करावे, असे विचारणारे तेव्हाही होते. जुलै २०२४ मध्ये फादर प्रभुघरी गेले, आणि त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी साहित्यवाचनावर एक पत्र लिहून, वाचनाने आपण दुसऱ्याचा आवाज ऐकावयास शिकतो, असे प्रतिपादन केले. ते स्वतः तरुणपणी शाळेत साहित्य शिकवीत असत.

तेव्हा वाचकहो, मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसावे. कथेत काय चालले आहे ते त्याला विचारावे. ती पाने उजवीकडून डावीकडे वाचतात, हेही तोच शिकवील. मग एवढेच विचारावे: तुझ्या वर्गात अशी एकटी मुलगी कोण आहे? या प्रश्नाला त्याच्याजवळ नाव असेल, तर वाचन वाया गेले नाही. नाव नसेल, तर उद्या शाळेत जाऊन ते नाव शोधून आण, असे त्याला सांगावे.