सिस्टर की मावशी?

आमच्या शिरूरच्या नावातच कासार आहे. सिंदफणेच्या काठच्या या गावात बांगड्या भरून घ्यायला बसलेल्या बाया मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळेच की काय, माझ्या चुलत बहिणीने, आपाने, नोकरीच्या पहिल्या दिवशी दोन्ही हातांतल्या बांगड्या उतरवून फळीवर ठेवल्या तेव्हा घरात उठलेली कुजबूज मला अजून आठवते. नवरा समोर बसलेला, आणि बाईचे हात मोकळे! बांगडीखाली जंतू राहतात, हात कोपरापर्यंत धुता आले पाहिजेत, हे तिने सांगून पाहिले. फुफीला ते पटले नाही. दुल्हाभाई मात्र एवढेच म्हणाले, "काढू दे तिला. रात्री पेशंटची झोप तरी मोडणार नाही."

आपा तेव्हा सदतीस वर्षांची होती. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, सोळाव्या वर्षी निकाह झाला. दुल्हाभाई उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. एका हंगामात पाठीला मार बसला आणि त्यांचे स्टिअरिंग कायमचे सुटले. मग शिवणयंत्र आले. दहावी आणि बारावी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून केली. जनरल नर्सिंगच्या प्रवेशाला भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात अनेक वर्षे पस्तिसाची वरची मर्यादा होती. ती दार बंद होता होता आत शिरली. तीन वर्षे शिकली, परीक्षा दिल्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी झाली. गावात पेढे वाटले. पण आमच्या एका बुजुर्गांनी पेढा हातात घेऊन विचारले, "अब ये उमर में सीख के करना क्या है बेटा?"

त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडलो होतो. पुढे विचार करता करता वाटू लागले की प्रश्न टाकाऊ नाही. त्याचे उत्तर आपण फार स्वस्तात देतो, एवढेच.

स्वस्त उत्तर असे : वय हा नुसता आकडा आहे. सत्काराच्या भाषणांत हे वाक्य हमखास येते. मला ते खोटे वाटते, आणि ज्याला धीर द्यायचा त्याच्याशी खोटे बोलणे हा धीर नव्हे. चाळिशी जवळ आली की इंजेक्शनच्या बाटलीवरची बारीक अक्षरे हात लांब केल्याशिवाय दिसत नाहीत. बारा तासांच्या रात्रपाळीनंतर बावीस वर्षांची मुलगी दुपारी झोपून ताजी होते, सदतिशीतल्या बाईला दोन दिवस लागतात. आणि दुपारी झोपायला तिला सवड कोण देतो? घरी स्वयंपाक तसाच पडलेला असतो. आपाचे गुडघे पहिल्या तीन महिन्यांतच बोलू लागले. हा आकडा शरीरात राहतो.

दुसरे स्वस्त उत्तर : अनुभवी बाई आहे, चार गोष्टी जास्तच कळतात. हे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यामुळेच तिची पहिली रात्र अवघड गेली.

बीडमधल्या एका खाजगी दवाखान्यात ती लागली. आपल्याकडच्या दवाखान्यांत नात्यांचे वेगळेच कोष्टक असते. नर्स ती सिस्टर, झाडूपोछा करणारी, भांडे देणारी ती मावशी, वॉर्डबॉय तो मामा. हे हुद्दे वयावरून आणि चेहऱ्यावरून चिकटतात. त्या रात्री एका म्हाताऱ्याला सलाईन लावायचे होते. गुलाबी सुई, वीस नंबरची. शीर दिसत होती, हाताला लागतही होती, पण सुई गेली की सरकायची. एकदा झाले, दुसऱ्यांदा झाले. म्हाताऱ्याचा मुलगा इतका वेळ गप्प होता. तो अदबीनेच म्हणाला, "मावशी, राहू द्या. सिस्टरला बोलवा ना."

सिस्टर तीच होती.

तिने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि खरोखरच इन्चार्ज सिस्टरला बोलावून आणले. ती चोवीस वर्षांची. तिने निळी, बारीक सुई घेतली, दुसऱ्या हाताची शीर धरली आणि अर्ध्या मिनिटात काम झाले. नंतर आपा पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली. मला हे तिने वर्षभराने सांगितले.

माझ्या मते इथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. तरुण माणसाला चुकण्याची मुभा असते. "नवीन आहे, शिकेल" असे आपण त्याच्याबद्दल म्हणतो. प्रौढ माणूस नवा असू शकतो हे मात्र आपल्या मनाला मानवत नाही. त्याच्याकडून आपण एकतर पूर्ण ज्ञानाची अपेक्षा करतो, नाहीतर त्याला दुय्यम कामाला लावतो. म्हणजे पांढरे केस असलेल्याला दोनच जागा : उस्ताद किंवा मावशी. शागीर्दाची जागा त्याच्यासाठी नाही.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासिकेने १९८४ साली नवख्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. तिचे एक म्हणणे मला फार मोलाचे वाटते. ही पायरी माणसाची नसते, त्या त्या कामाची असते. वर्षानुवर्षे एका विभागात मुरलेली नर्ससुद्धा अनोळखी विभागात गेली की तिथे नवखीच ठरते. मग दोन पोरे वाढवलेली, सासऱ्याचे आजारपण काढलेली आपा घरच्या खाटेजवळ तज्ज्ञ आणि दवाखान्यातल्या खाटेजवळ नवखी असेल, तर त्यात लाज कसली?

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आपाच्या बाजूइतकीच वजनदार आहे. तो म्हातारा. त्याचा हात कुणाच्या शिक्षणासाठी नाही. आपाच्या आयुष्यावर कितीही अन्याय झाला असला तरी त्याची भरपाई त्याच्या शिरेतून व्हायची नाही. दोनदा चुकले की तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवावे, हा वॉर्डातला संकेत याचसाठी आहे. आपाला वाटले आपण हरलो. मला वाटते, त्या रात्री तिने केलेले सर्वांत नर्सपणाचे काम तेच होते. तेरा वर्षांनी लहान मुलीला "जरा येता का मॅडम" म्हणायला जे लागते ते कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. आपली उमर बाजूला ठेवणे आपल्या समाजात, मुसलमान असो की आणखी कोणी, फार जड जाते. वडीलधाऱ्यांचा अदब आम्ही इतका घोटून घेतला आहे की धाकट्याकडून इल्म घ्यायची वेळ आली की गळ्यात आवंढा येतो.

आता बुजुर्गांचा प्रश्न. या उमरीत शिकून काय करायचे? सरकारही हाच प्रश्न विचारते, फक्त नियमाच्या भाषेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली नोकरभरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ केली. (आमच्यातल्या मणियार, बागवान, तांबोळी अशा ज्या बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत, त्यांच्या बायकांना ही पाच वर्षे मिळतात, कागद वेळेवर मिळाला तर.) यामागचा हिशेब उघड आहे. शिक्षणावर खर्च करायचा तर सेवेची वर्षे जास्त मिळावीत. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण तो वर्षे पुढची मोजतो. मागची वर्षे कुठे गेली ते विचारत नाही.

ती कुठे जातात हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मधल्या काळात पोरींच्या शाळेचे जे व्हायचे ते होते. बालविवाहात राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत आमचे नाव येते. जी मुलगी पंधराव्या वर्षी शाळेतून काढली जाते, तिलाच पस्तिशीत "उशीर केलास" म्हणायचे! उशीर तिने केला नाही. तो इतरांनी केला आणि तिच्या खात्यावर मांडला.

आणि उशिरा येणाऱ्यांनी हे काम नव्याने काबीज केलेले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला घरच्यांनी वर्षानुवर्षे अडवले. जर्मनीतल्या कायझरस्वर्थला ती शिकायला गेली ती १८५१ साली, एकतिसाव्या वर्षी. तिच्या काळाच्या मानाने ते प्रौढ वय होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला तिथून ज्या बाया गेल्या त्यांत विधवा होत्या, आयुष्य संपले असे ज्यांना घरच्यांनी सांगून टाकले होते अशा. आणि आमच्या फुफीला मी नेहमी सांगतो ती हजरत रुफैदा असलमिया. मदिनेच्या मशिदीत तिचा तंबू होता आणि ६२७ साली खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या सअद बिन मुआज यांना तिच्याच तंबूत नेले होते. फुफी ऐकून घेते. "वो अलग बात थी," म्हणते.

उमरीचा फायदा अजिबात नाही असे मात्र नाही. एकदा ऊसतोडीला जाणारी एक बाई वॉर्डात आली. वय एकोणतीस, केसपेपरवर पोटदुखी. डॉक्टरांना तिने एवढेच सांगितले होते. आपा शेजारी बसून तिचा बीपी घेत होती आणि गावाकडच्या गोष्टी चालल्या होत्या. बोलता बोलता कळले की अंगावरून पांढरे जाते म्हणून कुणीतरी तिला पिशवी काढून टाकायचा सल्ला दिला होता, आणि हंगामाआधी ते उरकावे असे घरात ठरत होते. २०१९ साली याच जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा राज्यभर गाजावाजा झाला, पण हंगाम तसेच चालू राहिले. आपाने तिला डॉक्टरांपुढे पुन्हा बसवले आणि सगळे सांगायला लावले. औषधाने भागले. चोवीस वर्षांच्या इन्चार्जला ती बाई हे बोलली असती का, मला शंका आहे. म्हणून काही आपा तिच्याहून चांगली नर्स ठरत नाही. सुई अजूनही त्या मुलीचीच चांगली.

हे सगळे लिहून झाल्यावर मी आपाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "इतकं मोठं कशाला करतोस? पाचशेचं सलाईन चार तासांत द्यायचं तर मिनिटाला किती थेंब, ते लिही. नवीन पोरींना तेच येत नाही." तर लिहितो : नेहमीच्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, म्हणून मिनिटाला बेचाळीस. घड्याळ समोर धरून मोजायचे.

त्या बुजुर्गांचा बीपी आता दर शुक्रवारी नमाजनंतर तीच पाहते. ते बाही वर करतात, आकडा ऐकतात आणि विचारतात, "ठीक लिया क्या? दूसरे हाथ को देख." ती ॲप्रनच्या खिशातला चष्मा काढते, दुसऱ्या हाताला पट्टा बांधते आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवते.