चांपेचा धूर आणि शेजाऱ्याचा हक्क

चांप भाजायची तर धूर होणारच. तो मसाल्याचा फारसा नसतो. चरबी वितळून निखाऱ्यावर ठिबकते, तिचा असतो. चरबी काढून टाकली तर धूर कमी होईल, पण मग चांप खायची कशाला? दही, आले-लसूण, हिरवी मिरची, मिरेपूड लावून ती रात्रभर मुरू द्यावी. कच्ची पपई मात्र भाजण्याआधी थोडा वेळच लावावी, नाहीतर मांसाचा लगदा होतो. निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरली की जाळी ठेवावी. इथपर्यंत सारे आपल्या हातात असते. वास मात्र हातात राहत नाही. तो शेजारच्या घरी जातो आणि प्रश्न तिथे सुरू होतो.

प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (र.) यांना सांगितले होते की, रस्सा कराल तेव्हा पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. रस्सा वाढवता येतो, चांपा मोजक्याच. पण अडचण ही नाही. शेजारी ते खाणाराच नसेल तर काय करायचे, ही अडचण आहे.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसीची वसाहत वाढली, मग चाकण. मराठवाडा, सोलापूर, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार अशी सगळीकडची माणसे एका मजल्यावर चार दारांत राहू लागली. देहू आणि आळंदी जवळच, त्यामुळे एखाद्या दाराआड माळकरी असतो. त्याला मांसाचा स्पर्शही नको. दुसऱ्या घरी बोल्हाईचे व्रत. ते मेंढीचे मटण आवडीने खातील, बोकडाचे नाही. तिसऱ्या दारातल्या कारखान्यातल्या पोरांना काहीही चालते, आणि गावापासून दूर असल्याने त्यांना त्याचे अप्रूपही जास्त. ताट पाठवायचे तर आधी प्रत्येकाचे घर ठाऊक असायला हवे.

हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा दिला का, असे त्यांनी घरच्यांना विचारले. धर्म वेगळा म्हणून हक्क संपत नाही, हे यावरून स्पष्टच आहे. पण माळकऱ्याच्या दारी मटण नेऊन तो हक्क दिला जात नाही. त्याला शेवया द्याव्यात. आणि वासाचे काय, तेही पाहावे.

वास ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, लसूण हराम मात्र केला नाही. खाणे हलाल असूनही त्याच्या वासाने इतरांना त्रास होऊ शकतो, हे त्यात मान्य केलेले आहे. म्हणून सिगडी जिन्यात पेटवू नये, गच्चीवर न्यावी, वाऱ्याकडे बघावे. एकादशी असेल तर चांपा उद्यावर ढकलाव्यात. मुरलेले मांस फ्रीजमध्ये एक दिवस बिघडत नाही. 2023 साली 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. कुर्बानीला पुढचे दोन दिवस असतातच, शरियतची अडचण नव्हती. त्यांनी ते आपण होऊन केले, यात त्याची किंमत आहे.

कारण हीच गोष्ट कोणी हुकूम म्हणून मागितली की तिचे स्वरूप बदलते. सोसायटीच्या सभेत ‘मांस शिजवणाऱ्याला घर भाड्याने देऊ नका’ असा ठराव येतो, तेव्हा तिथे शेजारधर्माचे नाव घेऊ नये. माझ्या परीने जे मी सोडतो ते सौजन्य. माझ्याकडून जे सोडवून घेतले जाते त्याला सौजन्य म्हणणे ही थट्टा आहे. आपल्यातले काहीजण दोन्ही एकच मानतात आणि हट्टाने जिन्यातच सिगडी लावतात. ते मला पटत नाही. माळकरी आजोबांनी कोणता ठराव केला होता?

मात्र दुसऱ्या टोकाला गेलेल्यांची मला जास्त चिंता वाटते. ते दारे-खिडक्या लावून, पंखा लावून, उदबत्ती पेटवून शिजवतात. शेजाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. त्याला फक्त एवढे कळते की ही माणसे काहीतरी लपवतात. आणि घरातले पोर हे सगळे पाहत असते. उद्या खाली खेळताना कोणी विचारले, ‘आज तुमच्याकडे काय केलंय रे?’ तर ते आधी आईच्या खिडकीकडे बघते, आणि मग म्हणते, ‘वरण-भात.’