म्हणे रामबाण!

उभा राहा. मान वर कर. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर ‘स्तनाच्या कर्करोगावर रामबाण : सदाफुली’ असं ठळक छापून घेताना मान खाली नव्हती तुझी. औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. कासार आंबोलीत लोक आत्तापासूनच तुला डॉक्टर म्हणायला लागलेत आणि तूही ‘नाही हो’ म्हणत नाहीस.

काय सिद्ध झालंय तुझ्या या वहीत? एमसीएफ-7 पेशींवर अर्क टाकला, पेशी मेल्या. दुसऱ्यांच्या निबंधांतून उतरवलंस तेही एवढंच. या पेशी आल्या कुठून, माहीत आहे? 1970 साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका ननच्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलं होतं, त्यातून त्या वाढवल्या. एमसीएफ ही मिशिगन कॅन्सर फाउंडेशनची आद्याक्षरं आहेत. काचेच्या बशीतल्या त्या पेशी फिनेलनेही मरतात. मग पाजायचं का फिनेल? बाकीचं शरीर जगवून नेमक्या त्याच पेशी माराव्या लागतात, खरी अडचण तिथे आहे. हळदीचं प्रकरण तर वाचवतच नाही. तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं, हे एका ओळीतसुद्धा लिहिलं नाहीस.

वनस्पतींतून औषध मिळत नाही, असं म्हणतोय का मी? नीट ऐक. आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. पॅसिफिक यू झाडाची साल 1962 साली गोळा झाली. तिच्यातल्या टॅक्सॉलची रचना या दोघांनी 1971 साली छापली. ते पेशीचं विभाजन कसं अडवतं, हे सुसान हॉर्विट्झ यांनी 1979 साली दाखवलं. पाण्यात विरघळेना, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात घालून द्यायला गेले, तर रुग्णांना जीवघेणी रिअॅक्शन येऊ लागली. मग आधी स्टेरॉइड द्यायचं आणि सलाईन सावकाश सोडायचं, असं ठरलं. त्यात दहा हजार किलो सालीतून जेमतेम किलोभर औषध! झाडं संपतील अशी वेळ आली, तेव्हा युरोपातल्या यूच्या सुयांसारख्या पानांतून कच्चा रेणू काढून उरलेला प्रयोगशाळेत जोडला. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली 1994 साली. सालीपासून सलाईनपर्यंत 32 वर्षं. आणि तू एका सत्रात रामबाण शोधलास!

आता तुझी सदाफुली. कॅनडात नोबल आणि बिअर मधुमेहाचं औषध म्हणून तिचा अर्क तपासत होते. साखर काही उतरली नाही, उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. त्यातून 1958 साली व्हिनब्लास्टिन हाती आलं, पुढे त्याच पानांतून व्हिन्क्रिस्टिन मिळालं. याच कुळातलं व्हिनोरेलबिन आज स्तनाच्या कर्करोगात वापरतात. पण ही औषधं शिरेतून देताना थोडंसं बाहेर झिरपलं तरी आजूबाजूचं मांस सडतं, म्हणून नर्स डोळ्यांत तेल घालून बसते. असलं विष असलेली पानं तू मूठमूठ मिक्सरला लावायला सांगतोस? कोणत्या पानात किती उतरलंय, कसं मोजणार?

सह्याद्रीतला नरक्या ठाऊक आहे ना, चोरटे तोडून नेतात तो? त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. वॉल आणि वाणी यांनीच ते एका चिनी झाडातून 1966 साली वेगळं केलं होतं. पुढे माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबवल्या. त्याच रेणूत फेरफार करून, त्याला गाठीच्या पेशी हुडकणाऱ्या प्रतिपिंडाशी जोडून बनवलेलं औषध ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगासाठी 2020 साली आलं. चोपन्न वर्षं गेली. मुळशीच्या रानात फिरून नरक्याचा काढा करावा, असं तुझ्या डोक्यात आलं असेल तर आत्ताच काढून टाक.

नुसती वही चुकीची असती तर लाल शाई मारून मोकळा झालो असतो. पण तुझ्या चुलतीच्या छातीत दिवाळीपासून गाठ आहे आणि ती तुझ्या सांगण्यावरून रोज सकाळी पानांचा रस पिते, हे मला काल कळलं. दुखत नाही म्हणून ती गप्प. अरे, ही गाठ बहुधा दुखतच नाही, हे तुला शिकवलेलं नाही का? सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनकर्करोगाच्या बहुतेक बायका उपचारांनी बऱ्या होतात. अमेरिकेतल्या नोंदींवरून 2018 साली छापलेला अभ्यास वाच. बरा होण्याजोगा स्तनकर्करोग असूनही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांना मरणाचा धोका साडेपाच पटींहून अधिक होता. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ म्हणतोस ना? हा अपाय. वेळ गेला.

तिची गाठ कर्करोगाचीच असेल, असं नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण ते ठरवायला सुई घालून तुकडा काढावा लागतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तुझ्या अंदाजाने ठरत नाही.

रस आजपासून बंद. चुलतीसमोर बसून ‘काकी, मी चुकीचं सांगितलं’ असं स्वतःच्या तोंडाने म्हण आणि उद्या पहिल्या बसने तिला ससूनला ने. रस किती दिवस घेतला, ते डॉक्टरांना लपवू नकोस. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेव. कर्करोगच निघाला, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतात.